सोडविलेल्या घोड्यांची पागा

(नभोवाणीवरील भाषण)



१९३० सालीं डोरोथी ब्रुक या इंग्रज बाई आपल्या लष्करी अधिकारी पतीबरोबर कैरोला राहावयास आल्या. पहिलें महायुद्ध संपून तेव्हां एक तप लोटलें होतें. त्या युद्धांत इजिप्त व पॅलेस्टाईनकडे राबलेले हजारो घोडे मायदेशीं परत न नेतां तेथेंच विकून टाकण्यांत आले होते. त्यांपैकीं जे अजून जिवंत होते, ते कैरोच्या रस्त्यांवर ओझ्याच्या गाड्या ओढीत होते. कोणी आंधळा, कोणी लंगडा, कोणी केवळ हाडांचा सांपळा. ब्रुकबाईंनीं १९३१ मध्यें लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'कडे एक पत्र पाठविलें. तें वाचून लोकांनीं पैसे धाडले, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत सुमारें पांच हजार घोडे विकत घेऊन सोडविण्यांत आले. १९३४ मध्यें त्याच शहरांत त्यांनीं घोड्यांसाठीं एक रुग्णालय काढलें. गरीब गाडीवानांच्या जनावरांना तेथें फुकट उपचार मिळूं लागले.

हा वृत्तांत पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु त्या पांच हजारांचें पुढें काय झालें हें सहसा कोणी सांगत नाहीं. त्यांतील बहुतेक घोडे इतके जर्जर झालेले होते कीं, त्यांना कांहीं दिवस विश्रांति देऊन नंतर वेदनेवांचून मरण देणें, एवढेंच काय तें शक्य होतें. पण ते थोडे दिवस त्यांना पुरेपूर मिळाले. पायाखालीं भुशाची जाड गादी आणि गव्हाणींत हिरवा बरसीम. त्या मऊ बिछान्यावर खूर पडतांच घोडे थबकत, मान खालीं घालून हुंगत, आणि हें खरें आहे यावर त्यांचा विश्वासच बसत नसे, असें ब्रुकबाईंनीं लिहून ठेविलें आहे.

मला आज बोलावयाचें आहे तें या थबकण्यानंतर काय करावयाचें याविषयीं. घोडा सोडविणें हें एका दिवसाचें काम आहे. सोडविलेला घोडा सांभाळणें हें त्याच्या उरलेल्या आयुष्याएवढें लांब काम आहे. आणि घोडा पंचवीस-तीस वर्षें जगूं शकतो.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाहीं. टांग्यांचा काळ मागें पडला. मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०१५ सालीं केवळ मौजेखातर फिरणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविल्या. शर्यतींतून बाद झालेले घोडे, लग्नाच्या वरातींत नाचविलेल्या घोड्या, थंड हवेच्या ठिकाणीं प्रवाशांना पाठीवर घेऊन थकलेलीं तट्टें, यांतलें एखादें जनावर सुदैवानें आश्रयाच्या पागेंत येतें. त्याच्या आधींच्या धन्याला मी सरसकट दोष देणार नाहीं. ज्या घरीं माणसाच्याच दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असते, त्या घरच्या घोड्याचें पोट कसें भरणार? परंतु कारण कांहींही असो, पागेच्या दाराशीं उभा राहतो तो एक उपाशी, दुखावलेला आणि भ्यालेला जीव.

येथें पहिला धोका उभा राहतो, आणि तो आपल्या दयेचाच असतो. उपाशी जीव पाहिला कीं त्याला पोटभर खाऊं घालावें असें कोणाही सहृदय माणसाला वाटणार. चार ओंजळी हरभरा, एखादी गुळाची ढेप, असा पाहुणचार होतो. घोडा अधाशीपणानें खातो, पाहणाऱ्यांचे डोळे भरून येतात, आणि तीन-चार दिवसांनीं तोच घोडा खालीं पडून मरतो. याचें कारण असें कीं, दीर्घ उपासमारींत शरीर आपली चरबी आणि मांस जाळून दिवस काढीत असतें. त्यांत रक्तांतील कांहीं क्षारांचे सांठे पार संपुष्टांत येतात. अशा वेळीं एकदम पिष्टमय धान्य पोटांत गेलें, तर रक्तांत इन्शुलिन उसळतें आणि उरलेसुरले फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचे क्षार रक्तांतून पेशींत ओढले जातात. मग हृदय आणि श्वसन हीं दोन्हीं कोलमडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं यावर अभ्यास करून जो क्रम सांगितला तो फार साधा आहे. पहिले तीन दिवस मोठ्या घोड्यालासुद्धां दर चार तासांनीं अर्धा किलोच्या आसपास वाळलेला लसूणघास द्यावा, त्याहून अधिक नाहीं. मग हळूहळू घास वाढवावा आणि वेळा कमी कराव्या. दहा दिवसांनंतर पोटभर चारा द्यावा. धान्याची चंदी मात्र पुष्कळ पुढें. अंग पुरतें भरून येण्यास तीन ते पांच महिने लागतात. ज्यानें हे पहिले दहा दिवस आपला हात आंखडता धरला, त्यानेंच घोडा वांचविला असें समजावें.

नव्या पाहुण्याला लगेच कळपांत सोडतां येत नाहीं. निदान दोन-तीन आठवडे त्याला वेगळें ठेवावें लागतें. त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा, आणि त्याला हाताळणाऱ्या माणसानें हात धुतल्यावांचून दुसऱ्या घोड्याकडे जावयाचें नाहीं. ग्लँडर्ससारखा रोग घोड्याकडून माणसालाही जडतो, म्हणून रक्त तपासून घेणें अवश्य असतें. या दिवसांत जाणता मोतद्दार त्या घोड्याचें अंग एखाद्या बखरीसारखें वाचतो. काळ्या पाठीवर मधेंच पांढऱ्या केंसांचे ठिपके दिसले, तर तेथें पूर्वीं खोगिराची जखम होती हें समजावें. चघळलेल्या गवताचे ओले बोळे गव्हाणीशीं पडलेले आढळले, तर दाढांना धार आली आहे हें जाणावें. घोड्याचे दांत जन्मभर वर येत राहतात आणि सारखे झिजले नाहींत तर कडा गालाला व जिभेला कापतात. सर्वांत स्पष्ट लिहिलेलें असतें तें खुरांवर. खूर महिन्याकांठीं एक सेंटिमीटरहून थोडा कमीच वाढतो. दुष्काळाच्या किंवा दुखण्याच्या दिवसांत त्यावर आडवी वळी उमटते. ती वळी वरून खालीं सरकत सरकत जमिनीला टेंकून झिजून जाण्यास नऊ महिने ते वर्ष लागतें. म्हणजे घोडा आपली उपासमार वर्षभर पायांत वागवीत असतो.

आतां अशा पागेचा रोजचा दिवस कसा जातो तें पाहूं.

पहांटे दिवा लागण्यापूर्वींच घोड्यांना चाहूल लागते आणि फुरफुरणें सुरू होतें. मोतद्दाराचें पहिलें काम चारा घालण्याचें नसून पाहण्याचें असतें. कोण नेहमींच्या जागीं नाहीं? कोणाचे कान पडले आहेत? रात्रीं लीद किती पडली व कशी पडली? घोड्याच्या बाबतींत लीद हें आरोग्याचें वर्तमानपत्र आहे. ज्याच्याविषयीं शंका येईल त्याच्या जबड्याखालीं बोट ठेवून नाडी मोजावयाची. निरोगी घोड्याची नाडी स्वस्थ असतांना मिनिटास २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. अंगांत ऊब ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस. मग कुशीला कान लावावयाचा. आंतड्यांची गुडगुड ऐकूं आली तर ठीक. पोट अगदीं मुकें झालें असेल तर पशुवैद्याला तांतडीनें बोलवावें, कारण पोटशूळ हा घोड्याचा मोठा वैरी आहे. घोड्याला ओकारी होत नाहीं. एकदां आंत गेलेलें बाहेर येण्यास दुसरी वाट नाहीं.

यानंतर चारा. घोड्याची कोठी शरीराच्या मानानें लहान असते, आणि तींत पाचक आम्ल दिवसरात्र झिरपत असतें, मग तो खात असो वा नसो. रानांतला घोडा दिवसाचे सुमारें सोळा तास चरत असतो तें याचसाठीं. दोन वेळां तोबरा भरून चंदी खाऊं घालावी आणि मधले तास दावणीला रिकाम्या पोटीं उभें करावें, ही आपली जुनी सोय माणसाची आहे, घोड्याची नव्हे. त्यांतून पोटांत व्रण होतात. म्हणून सोडविलेल्या घोड्यांच्या पागेंत वाळलेलें गवत थोडथोडें, अनेक ठिकाणीं आणि अनेक वेळां घातलें जातें. दररोज वजनाच्या शेंकडा दीड ते दोन भाग कोरडा चारा, म्हणजे तीनशें किलोंच्या तट्टाला पांच-सहा किलो, हा ढोबळ हिशेब. गवताचे ढीग घोड्यांच्या संख्येहून एकानें तरी अधिक ठेवतात. कळपांतला दांडगा घोडा दुबळ्याला हुसकावतो, आणि हुसकलेल्याला जावयाला एक मोकळा ढीग लागतो. ही एवढीशी युक्ति दिवसभराची मारामारी टाळते. स्वच्छ पाणी आणि चाटावयास मिठाचा खडा हीं सदैव पुढें असावींत. पंचवीस ते पन्नास लिटर पाणी एक घोडा दिवसाला पितो. उन्हाळ्यांत त्याहूनही अधिक.

चाऱ्यामागून खूर. रोज चारही पाय उचलून तळवे खरवडून पाहावयाचे, खडा अडकला आहे काय, दुर्गंधि येते काय, ऊब जाणवते काय. सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंद येऊन खूर तासतो. ज्यांना आतां रस्त्यावर धांवावयाचें नाहीं त्यांचे नाल बहुधा काढून टाकतात. मार खाल्लेला घोडा प्रथम पाय देत नाहीं. त्याच्याशीं झटापट करण्यांत अर्थ नसतो. त्याला समोर नाकाशीं व थेट पाठीमागें दिसत नाहीं, म्हणून जाणता माणूस खांद्याच्या बाजूनें, बोलत बोलत जवळ जातो. पहिल्या दिवशीं केवळ खांद्यावर हात, दुसऱ्या दिवशीं गुडघ्यापर्यंत, आणि घोडा ताठरला कीं हात मागें. कांहीं घोड्यांशीं तर आठवडाभर एवढेंच करावयाचें असतें कीं, कुरणांत त्यांच्यापासून दहा हात दूर नुसतें बसून राहावें. एके दिवशीं तोच मागून येऊन खांद्याला नाक लावतो. त्या दिवसापासून औषध पाजणेंही सोपें होतें.

उन्ह वर येण्यापूर्वीं कळप कुरणांत मोकळा होतो, आणि येथें या सर्व व्यवस्थेचें मर्म आहे. घोडा हा एकट्यानें जगणारा प्राणी नाहीं. उत्तम तबेला, उत्तम चंदी आणि भोंवतीं चार भिंती, हें त्याच्या दृष्टीनें कैदेचेंच दुसरें नांव. दोन घोडे तोंडाला पाठ करून उभे राहतात आणि एकमेकांच्या खांद्यामागचा भाग दांतांनीं हळुवार खाजवितात, हें दृश्य आपण पाहिलें असेल. १९९३ मध्यें फ्रान्समधील संशोधकांनीं दाखविलें कीं, नेमक्या त्या जागीं खाजविल्यानें घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. मोतद्दाराचा खराराही म्हणून प्रथम तेथेंच फिरावा. कळपांत एखादी आंधळी घोडी असली, तर ती बहुधा एक सोबती निवडते आणि त्याच्या पावलांच्या आवाजावर चालते. कांहीं ठिकाणीं त्या सोबत्याच्या गळ्यांत घंटा बांधतात. नव्या घोड्याला प्रथम कुंपणाआडून ओळख करून द्यावयाची, मग एका शांत घोड्याच्या संगतींत, आणि नंतर सर्वांमध्यें. खच्चीकरण न झालेले नर असल्यास तें आधीं करून घ्यावें लागतें, म्हणजे सर्वांना एकत्र राहतां येतें आणि आश्रयाच्या जागीं नवीं शिंगरें वाढत नाहींत.

दुपारीं कळप झाडाखालीं सांवलीला उभा असतो. त्या वेळांत माणसें कुरणांतील लीद उचलतात. हें काम कंटाळवाणें खरें, पण पोटांतील जंतांचीं अंडीं लिदींतूनच गवतावर पसरतात. लीद वेळच्या वेळीं उचलली, म्हणजे जंतांचें औषध कमी वेळां द्यावें लागतें, आणि तें तपासूनच द्यावें. कारण वारंवार दिलेल्या औषधाला जंत दाद देईनासे झाले आहेत.

अलीकडे 'सर्वांगीण' संगोपन हा शब्द पुष्कळ ऐकूं येतो. त्याचा एक चुकीचा अर्थ प्रचलित आहे, तो असा कीं, झाडपाला द्यावा आणि सुईला रजा द्यावी. हें खरें नव्हे. धनुर्वाताला घोड्याइतका हळवा प्राणी क्वचित् असेल. खिळ्याची एक बारीक जखम त्याला पुरते, आणि त्यावर लस हाच भरंवशाचा उपाय. सर्रा नांवाचा ताप चावऱ्या माशांमुळें रक्तांत शिरतो. त्याचा जंतु ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें १८८० मध्यें तेव्हांच्या पंजाबांत शोधून काढला. त्याला औषधच द्यावें लागतें. सर्वांगीण याचा खरा अर्थ असा कीं, लंगडणाऱ्या पायाकडे पाहतांना दांत, पोट, भीति आणि सोबत यांचा विसर पडूं नये. घोडा वाळत चालला असेल तर चंदी वाढविण्यापूर्वीं त्याच्या दाढा पाहाव्या, जंत पाहावे, आणि त्याला ढिगावरून कोण हुसकावतो तेंही पाहावें. आपल्या पूर्वजांनीं शालिहोत्राच्या नांवानें अश्ववैद्यकाचें शास्त्र रचलें, आणि पांडवांतील नकुलानें अज्ञातवासांत विराटाची अश्वशाळा सांभाळली, असें महाभारत सांगतें. राजपुत्राला न शोभणारें असें हें काम तेव्हां मानलें गेलें नाहीं.

पावसाळा हा आपल्या प्रांतांतील कसोटीचा काळ. चिखलांत उभे राहून खुरांचे तळवे कुजतात, माशा वाढतात, आणि दमट गवताला बुरशी धरते. बुरशीचें गवत खाल्लें कीं खोकला आणि पोटशूळ. म्हणून चार महिन्यांचा चारा आधींच आणून कोरड्या व उंच जागीं रचावा लागतो. सतराव्या शतकांत शिवाजी महाराजांनीं चिपळूणजवळच्या छावणींतील आपल्या जुमलेदारांना लिहिलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आज उधळलीत तर पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील आणि त्या हत्येचा दोष तुमच्यावर येईल, असें त्यांत बजावलेलें आहे. गवताच्या गंजीजवळ विस्तव नको, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतकी बारीक काळजीही त्यांत आहे. घोड्याच्या संगोपनाचें याहून शहाणें पत्र मला माहीत नाहीं. आजही आश्रयाची पागा बुडते ती बहुधा प्रेमाच्या अभावानें नव्हे, तर गवताच्या हिशेबाच्या अभावानें.

याच हिशेबांतून एक कठोर गोष्ट निघते. दाराशीं आलेल्या प्रत्येक घोड्याला हो म्हणतां येत नाहीं. दहांच्या गवतांत पंधरा घोडे घातले, तर पंधराही अर्धपोटीं राहतात, आणि सोडविणारा स्वतःच नकळत उपाशी ठेवणारा होतो. दुसरी गोष्ट याहूनही जड आहे. ज्या घोड्याचें दुखणें बरें होणारें नाहीं, जो खालीं बसला तर उठूं शकत नाहीं, त्याला पशुवैद्याच्या हातून शांत मरण देण्याची वेळ येते. आपल्या मनाला तें रुचत नाहीं. परंतु ब्रुकबाईंनीं हजारो वेळां हा निर्णय घेतला, आणि त्यांच्या दयेला त्यामुळें उणेपणा आला असें मला वाटत नाहीं. ज्या पागेंत असें मरण येतें, तेथें सोबत्यांना त्या देहाजवळ जाऊं देतात. ते हुंगतात, थोडा वेळ उभे राहतात आणि मग चरावयास निघून जातात.

शहरांतल्या कुटुंबांनीं यांत काय करावें, असें आपण विचाराल. दया आली म्हणून बाजारांतून घोडा विकत घेऊं नये. त्या पैशानें विकणारा दुसरा घोडा आणतो, आणि आपल्यापाशीं ना जागा असते ना गवत. रस्त्यावरच्या घोड्याला पाव व मिठाई घालूं नये. लग्नांत वरातीचा घोडा हवाच असेल, तर निदान त्याच्या कानाशीं बँड आणि फटाके नसावेत. आणि एखाद्या संस्थेला मदत करावयाची असेल, तर तिनें किती घोडे सोडविले हें विचारण्यापूर्वीं, पावसाळ्यापुरतें गवत भरलें आहे काय, असें विचारावें. त्या एका उत्तरावरून तिची योग्यता कळते.

शेवटीं रात्रीचें एक दृश्य सांगून मी रजा घेतों. घोडा उभ्यानें डुलक्या घेऊं शकतो; त्याच्या पायांच्या सांध्यांना तशी अडण निसर्गानेंच दिलेली आहे. परंतु गाढ झोंपेसाठीं त्याला आडवें व्हावें लागतें, मग ती झोंप तासाभराची कां असेना. आणि आडवें होण्यास धीर लागतो, कारण आडवा पडलेला घोडा पळूं शकत नाहीं. नवा आलेला घोडा कित्येक रात्री उभाच राहतो. मग केव्हांतरी, आठवड्यानें किंवा महिन्यानें, मोतद्दार कंदील घेऊन फेरी घालावयास जातो, तों तो घोडा चारी पाय पसरून जमिनीवर निजलेला असतो, आणि त्याच्याशेजारीं दुसरा एक घोडा कान टवकारून पहारा करीत उभा असतो. त्या रात्रीं मोतद्दार कंदिलाची वात कमी करतो आणि पावलें न वाजवितां परत फिरतो. घोडा खऱ्या अर्थानें सुटला, तो त्या रात्रीं.